ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा सांधा

आपल्या नित्याच्या व्यवहारात ॲल्युमिनियम इतके मिसळून गेले आहे की, त्याच्याकडे आपण कुतूहलाने पाहण्याचेच विसरून गेलो आहोत. स्वयंपाकघरातील पातेले, प्रवासातील डबा, खेड्यांतून सायकलीवर दूध घेऊन येणाऱ्या गवळ्याची किटली, बसगाडीच्या अंगावरील पत्रा, या साऱ्यांत तेच आहे. आपल्या बेळगावला तर या धातूचे नाते अधिकच जवळचे. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढण्याचा मोठा कारखाना येथील यमनापूर भागात आहे, आणि शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पठारांवर बॉक्साइट आढळते. असे असूनही या धातूचा एक मिलिमीटर जाडीचा पत्रा दुसऱ्या तशाच पत्र्याला सांधावयाचा म्हटले, तर लोखंडावर वर्षानुवर्षे हात बसलेला कारागीरही क्षणभर विचारात पडतो. असे का व्हावे, आणि या अडचणीवर माणसाने कोणते उपाय शोधले, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रारंभी स्वतःचीच एक चूक सांगतो. शाळा सोडल्यावर मी काही काळ एका लहानशा वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून होतो. एके दिवशी एक दूधवाले मामा आपली किटली घेऊन आले. बुडापाशी ती चिरली होती. वस्ताद बाहेर गेले होते, आणि मला माझे कसब दाखविण्याची घाई झाली होती. मी चिरेवर एक ठिगळ ठेवले, वायूच्या ज्योतीने त्याच्या कडा वितळवून बसविल्या, वरून पुसले, आणि पाणी भरून दाखविले. एक थेंब गळला नाही. मामा समाधानाने गेले. दोन महिन्यांनी ते परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नव्हते. ठिगळाभोवती पांढरी भुकटी जमली होती, पत्र्याला सुईच्या अग्राएवढी छिद्रे पडली होती, आणि त्या दिवशीचे अर्धे दूध वाटेवरच सांडून गेले होते. माझा सांधा तर कोठेही तुटला नव्हता. मग किटली गळली कशी? या प्रश्नाचे उत्तर धातूच्या स्वभावात आहे. म्हणून आधी तो स्वभाव समजून घेऊ.

धातूचा स्वभाव

ॲल्युमिनियम हा भूकवचात सर्वांत विपुल असलेला धातू होय. कवचाच्या वजनाचा सुमारे ८ टक्के भाग त्याने व्यापला आहे. परंतु तो ऑक्सिजनला इतका घट्ट चिकटून असतो की, त्याला वेगळे काढणे हे फार दिवस महाकठीण होते. १८२५ मध्ये डेन्मार्कच्या अर्स्टेडने प्रथम या धातूचा अंश मिळविला. पुढे साठ वर्षे तो मौल्यवान धातूंच्या पंक्तीत बसला होता. १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथील प्रख्यात स्मारकाच्या शिखरावर मुद्दाम ॲल्युमिनियमचे टोक बसविण्यात आले, यावरून त्याची त्या वेळची प्रतिष्ठा ध्यानात येईल. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, विजेच्या साहाय्याने तो स्वस्तात काढण्याची एकच रीत शोधून काढली. दोघांचाही जन्म १८६३ मधील, म्हणजे त्या वेळी ते अवघे बावीस-तेवीस वर्षांचे होते. तेव्हापासून हा धातू राजवाड्यातून स्वयंपाकघरात आला.

ऑक्सिजनवरील हे प्रेम धातू झाल्यावरही सुटत नाही. ॲल्युमिनियम नुकते कापले तरी त्या ताज्या पृष्ठभागावर तत्काळ ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील चार-पाच भागांइतकीच याची जाडी. डोळ्यांना तो दिसत नाही, पण हाच पापुद्रा धातूचे गंजण्यापासून रक्षण करतो. भांड्यांचा हा मित्र सांधणाऱ्याचा मात्र शत्रू आहे. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. त्याचे ऑक्साइड वितळण्यास २,००० अंशांहून अधिक तापमान लागते. ज्या कुरुंदाने आपण पोलादाला धार लावतो, तो कुरुंद म्हणजे हेच ऑक्साइड. माणिक आणि नीलम हीदेखील त्याचीच रूपे. तेव्हा तापविलेल्या पत्र्याची स्थिती कशी होते ते पाहा. आत धातू पाण्यासारखा पातळ झालेला, आणि भोवती न वितळणारी पिशवी. दोन पत्र्यांचे काठ शेजारी शेजारी वितळतात, पण पिशव्या आड येत असल्यामुळे ते एकमेकांत मिसळत नाहीत. पापुद्रा फुटलाच, तर त्याचे तुकडे वितळलेल्या धातूहून जड असल्याने आत बुडून बसतात आणि सांधा कच्चा करतात.

दुसरी अडचण उष्णतेची. ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता साध्या पोलादाच्या चौपटीहून अधिक आहे. ज्योत एका जागी धरली, तरी उष्णता सर्व पत्र्यात पसरते. म्हणून आरंभी काही केल्या धातू वितळत नाही. मग पत्रा सर्व बाजूंनी तापतो, आणि पूर्वीचीच उष्णता आता अतोनात होते. क्षणात भोक पडते. पत्रा जितका पातळ, तितका हा क्षण लवकर येतो.

तिसरी अडचण अशी की, हा धातू रंगाने इशारा देत नाही. लोखंड तापताना प्रथम काळसर तांबडे, मग लाल, मग नारिंगी होते. कारागीर त्या रंगांवरूनच काम ओळखतो. ॲल्युमिनियम ज्या तापमानाला वितळते, तेथवर ते दिवसाउजेडी डोळ्यांना दिसेल असे लाल होतच नाही. ते जसेच्या तसे चंदेरी राहते, आणि एकाएकी खाली कोसळते.

चौथी अडचण प्रसरणाची. १ मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी १०० अंशांनी तापविली, तर ती सुमारे २.३ मिलिमीटर वाढते. पोलादाची पट्टी सुमारे १.२ मिलिमीटर. शिवाय द्रव ॲल्युमिनियम गोठताना सुमारे ६ टक्के आकसते. त्यामुळे पातळ पत्रा पापडासारखा वाकतो, आणि नुकताच गोठू लागलेला सांधा ताणाने चिरतो.

पाचवी अडचण छिद्रांची. द्रव ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन वायू पुष्कळ विरघळतो. गोठलेल्या धातूत त्याचा सुमारे विसावा भागच मावतो. पत्र्यावरील तेल, घाम किंवा ओल यांतून आलेला हायड्रोजन धातू गोठताना बाहेर पडू पाहतो, आणि वाट न मिळाल्यास आत बुडबुड्यांच्या रूपाने अडकतो. वरून गुळगुळीत दिसणारा सांधा आतून जाळीदार निघतो, तो यामुळेच.

पूर्वतयारी

या पाच अडचणी ध्यानात घेतल्या, म्हणजे कामाची रीत आपोआपच उलगडत जाते. पहिले काम स्वच्छतेचे. प्रथम ॲसिटोनसारख्या द्रवाने तेल व घाम पुसून काढावा. तो वाळल्यावर मगच स्टेनलेस स्टीलच्या तारेच्या ब्रशाने ऑक्साइड खरवडावे. हा क्रम उलटा करू नये. कारण आधी ब्रश फिरविला, तर तेल धातूच्या ओरखड्यांत चोळले जाते. हा ब्रश केवळ ॲल्युमिनियमसाठीच राखून ठेवावा. जो ब्रश लोखंडावर फिरला, तो लोखंडाचे कण येथे आणून सोडतो. जोडसळईही पुसून घ्यावी. एवढे झाल्यावर विलंब न लावता सांधावे. कारण पापुद्रा लगेच पुन्हा धरू लागतो. क्लोरीनयुक्त द्रव मात्र स्वच्छतेसाठी कधीही घेऊ नयेत. विजेच्या कमानीजवळ त्यांपासून फॉस्जीन हा विषारी वायू उत्पन्न होऊ शकतो.

दुसरे काम काठांच्या घडणीचे. एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ पत्र्यासाठी सर्वांत सोपी रीत म्हणजे दोन्ही काठ काटकोनात वर दुमडून ते पाठीला पाठ लावून उभे करणे. दुमडीची उंची पत्र्याच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट असावी. मग या उभ्या काठांनाच वितळवावे. त्यांचाच धातू सांध्यात उतरतो, आणि वेगळ्या सळईची गरज पडत नाही. दीड मिलिमीटरच्या पुढे काठ सरळ समोरासमोर भिडवून सळईने भरावेत. भिडविलेल्या काठांत फट नसावी. कारण पातळ पत्र्यात फटीच्या दोन्ही कडा मागे सरकतात आणि भोक मोठे होत जाते. खाली तांब्याची पट्टी ठेवल्यास ती जादा उष्णता ओढून घेते व वितळलेल्या धातूला आधारही देते.

तिसरे काम टाक्यांचे. शिंपी कापड शिवण्यापूर्वी जसे कच्चे टाके घालतो, तसेच येथे दर अडीच-तीन सेंटिमीटरवर लहान लहान टाके द्यावेत. पोलादाच्या मानाने हे अंतर फार कमी आहे. परंतु ज्या धातूचे प्रसरण दुप्पट, त्याला बांधूनही तितकेच घट्ट ठेवावे लागते. टाके दिल्यावर लाकडी मोगरीने काठ सारखे करून घ्यावेत.

ज्योतीची रीत

ऑक्सिजन व ॲसिटिलीन यांच्या ज्योतीने सांधावयाचे असेल, तर ऑक्साइड घालविण्यासाठी रसायनाची मदत घ्यावी लागते. त्याला कारखान्यात फ्लक्स म्हणतात. लिथियम, सोडियम व पोटॅशियम यांच्या क्लोराइडांचे व फ्लोराइडांचे ते मिश्रण असते. ती पूड पाण्यात कालवून लेप करावा, आणि सळईला व काठांना लावावा. लेप तापून पाण्यासारखा निर्मळ वाहू लागला, की धातूचा क्षण जवळ आला असे समजावे. रंगाने न मिळणारा इशारा येथे फ्लक्स देतो.

ज्योत समतोल, किंवा किंचित ॲसिटिलीन अधिक असलेली ठेवावी. ऑक्सिजन वाढल्यास आपण घालवू पाहतो तोच पापुद्रा अधिक जाड होतो. ज्योत पत्र्याशी तिरकी, सुमारे ३० ते ४५ अंशांत धरावी. सळई पुढे व ज्योत मागे, असे उजव्या हाताच्या माणसाने उजवीकडून डावीकडे जावे. पत्रा तापत जाईल तसा वेग वाढवीत जावे, आणि शेवटच्या टोकाशी ज्योत अधिक तिरकी करावी. कारण तेथे उष्णतेला पुढे जाण्यास धातूच उरलेला नसतो. तापलेल्या फ्लक्समधील सोडियममुळे डोळ्यांसमोर पिवळा झगझगाट होतो, म्हणून तो पिवळा प्रकाश शोषून घेणारा खास चष्मा वापरावा.

विजेच्या कमानीची रीत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ च्या सुमारास, अमेरिकेतील नॉर्थ्रॉप या विमान कंपनीतील रसेल मेरेडिथ याने मॅग्नेशियम सांधण्यासाठी एक नवी पद्धती सिद्धीस नेली. न वितळणाऱ्या टंगस्टनच्या कांडीपासून विजेची कमान काढावयाची, आणि तिच्याभोवती हेलियम या निष्क्रिय वायूचे कवच धरावयाचे, अशी ती योजना. आज हेलियमच्या जागी बहुधा आर्गॉन वापरतात, आणि या पद्धतीला टिग असे म्हणतात. हवा जवळ येत नसल्यामुळे येथे फ्लक्स लागत नाही.

मग आधीचे ऑक्साइड जाते कोठे? यातच या पद्धतीची खुबी आहे. ॲल्युमिनियमसाठी एसी, म्हणजे क्षणोक्षणी दिशा बदलणारा प्रवाह घेतात. टंगस्टन जेव्हा ऋण असते, तेव्हा बहुतेक उष्णता पत्र्यात जाते व धातू वितळतो. ते जेव्हा धन होते, तेव्हा पत्र्याच्या पृष्ठभागावरील पापुद्रा फुटून उडतो, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंस स्वच्छ पांढरट पट्टा दिसू लागतो. अर्धा काळ तापविणे व अर्धा काळ झाडणे, असे हे काम चालते. आपल्या घरच्या विजेत हा फेरा सेकंदाला ५० वेळा होतो. आजच्या इन्व्हर्टर यंत्रांत तो १०० ते १५० पर्यंत नेता येतो, तेव्हा कमान अरुंद व स्थिर होते. पातळ पत्र्याला हे फार उपकारक ठरते. झाडण्याचा वाटा सुमारे ३० टक्क्यांवर ठेवला, तर पुरतो; तो अधिक वाढविल्यास टंगस्टनच तापून त्याचे टोक गोळा होते.

ढोबळ हिशेब असा ठेवावा: जाडीच्या दर मिलिमीटरला सुमारे ४० अँपिअर. म्हणजे एक मिलिमीटरला ४०, दीड मिलिमीटरला ६०. टंगस्टन १.६ मिलिमीटर जाडीचे, आणि आर्गॉन मिनिटाला ७ ते १० लिटर. टॉर्च जवळजवळ उभा, किंचित मागे कललेला धरावा. टंगस्टनचे टोक धातूपासून दोन-तीन मिलिमीटरांवर असावे. टोक धातूला लागले, तर काम थांबवून ते पुन्हा घासून घ्यावे. तसेच पुढे रेटू नये. प्रथम आरशासारखा चकाकणारा थेंब दिसेपर्यंत थांबावे, मग सळई थेंबाच्या पुढच्या काठाला हलकेच टेकवावी, मागे घ्यावी, आणि पुढे सरकावे. सळईचे तापलेले टोक आर्गॉनच्या कवचाबाहेर जाऊ देऊ नये. पायाने दाबण्याचा पेडल असल्यास आरंभी प्रवाह वाढवून पुढे कमी करीत जाता येते. शेवटी प्रवाह एकदम बंद केला, तर थेंबाच्या जागी खळगा राहून त्यात ताऱ्याच्या आकाराची चीर पडते. म्हणून प्रवाह हळूहळू उतरवावा, खळगा सळईने भरावा, आणि आर्गॉन काही सेकंद तसाच वाहू द्यावा.

मिश्रधातूची पारख

सर्व ॲल्युमिनियम सारखे नसते. शुद्ध पत्रा, मँगनीजमिश्रित ३००३ आणि मॅग्नेशियममिश्रित ५०५२ हे चांगले सांधले जातात. ६०६१ हा जोडसळईवाचून वितळविला, तर गोठताना चिरतो. त्याला ५ टक्के सिलिकॉनची ४०४३ किंवा ५ टक्के मॅग्नेशियमची ५३५६ ही सळई द्यावी लागते. २०२४ व ७०७५ हे विमानांचे सशक्त मिश्रधातू वितळवून सांधण्यास योग्य नाहीत. म्हणूनच विमानांच्या अंगावर रिव्हेटांच्या रांगा दिसतात. धातू न वितळविताच फिरत्या कठीण दांड्याने मऊ करून कालविण्याची रीत केंब्रिजजवळील वेल्डिंग संशोधन संस्थेत १९९१ मध्ये निघाली, आणि वितळविण्यास अयोग्य असे पुष्कळ मिश्रधातू तेव्हापासून सांधता येऊ लागले. तथापि ते काम यंत्राचे आहे, हाताचे नव्हे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ठोकून किंवा लाटून कडक केलेला पत्रा सांध्याच्या आजूबाजूस तापल्यामुळे मऊ पडतो. म्हणून जेथे जास्तीत जास्त जोर येणार, तेथे सांधा येऊ न देणे हेच शहाणपण. सांध्यामुळे आकसलेला पत्रा ऐरणीवर गुळगुळीत हातोड्याने हलके ठोकल्यास पुन्हा पसरतो व सपाट होतो.

सावधानता

हे काम शिक्षकांच्या देखरेखीवाचून कोणीही करू नये. विजेच्या कमानीतील अतिनील किरणे डोळे व कातडी भाजतात, आणि चकचकीत ॲल्युमिनियम ती परावर्तितही करते. म्हणून योग्य काचेचा मुखवटा, हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सुती पोशाख हवाच. आर्गॉन हवेहून जड असल्याने बंद जागेत तळाशी साचतो व माणसाला नकळत गुदमरवितो. ऑक्सिजनच्या झडपेला तेल कधीही लावू नये. पेट्रोल किंवा रॉकेल ठेवलेल्या टाकीला, ती रिकामी दिसली तरी, ज्योत दाखवू नये. आतील वाफ हीच दारू असते.

किटलीचा उलगडा

आता दूधवाल्या मामांच्या किटलीकडे परत येऊ. माझा सांधा तुटला नव्हता. मग किटली का गळली? कारण मी ठिगळ चिरेवर ठेवले होते. ठिगळ आणि पत्रा यांच्यामध्ये एक अरुंद फट राहिली, आणि वितळलेला फ्लक्स तिच्यात शिरला. जे रसायन ऑक्साइड खाते, ते काम संपल्यावर स्वस्थ बसत नाही. ओल मिळताच त्याने रक्षण करणारा पापुद्रा खाल्ला, आणि मग धातूच खाण्यास आरंभ केला. मी वरून पुसले होते. आत पाणी पोहोचणे शक्यच नव्हते. म्हणूनच फ्लक्सच्या कामात एकावर एक पत्रा ठेवून सांधू नये, असा नियम आहे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ज्या भांड्यात लोकांच्या घरी जाणारे दूध राहावयाचे, त्यात मी क्लोराइड व फ्लोराइड मागे ठेवले होते. दूध सांडले हे एका अर्थाने बरेच झाले, असे आज वाटते.

वस्तादांनी मला रागावून काहीही म्हटले नाही. त्यांनी ठिगळ कापून काढले, खराब झालेला सर्व भाग गोल कापला, आणि त्या भोकात काठाला काठ भिडेल असा नवा तुकडा कानशीने घासून बसविला. सांधून झाल्यावर त्यांनी किटली आतून व बाहेरून गरम पाण्याने आणि ताठ ब्रशाने तीनदा धुतली, मग सौम्य नायट्रिक ॲसिडचा हात दिला, आणि पुन्हा भरपूर पाण्याने खळखळून काढली. हे ॲसिड त्यांनी स्वतःच हाताळले. मला जवळ येऊ दिले नाही. धुण्यास सांधण्याहून अधिक वेळ लागला. मग ते एवढेच म्हणाले, “बाळ, सांधा आगीने लागतो, पण टिकतो पाण्याने.” त्या दिवशीच्या दुधाचे पैसे माझ्या पगारातून वळते झाले, आणि मामांच्या हातात ते मीच नेऊन द्यावेत, असा वस्तादांचा आग्रह होता. मामांनी पैसे घेतले, मोजले, आणि म्हणाले, “आता ही किटली तुझ्या भरवशावर नेतो हं.” ती किटली पुढे मी वर्कशॉप सोडेपर्यंत तरी गळली नव्हती.

विद्यार्थिमित्रहो, सांधा दिसतो वरून. पण त्याची परीक्षा होते ती आतून, आणि तीही पुष्कळ दिवसांनी, जेव्हा काम करणारा समोर नसतो. ज्या धातूचा दोष डोळ्यांना दिसत नाही, त्याच्याशी काम करताना नियम पाळणे हीच खरी दृष्टी होय. आपल्यापैकी कित्येकजण उद्या उद्यमबागेतील कारखान्यांतून, तंत्रनिकेतनांतून किंवा स्वतःच्या वर्कशॉपमधून हे काम कराल. तेव्हा पत्रा हाती घेण्यापूर्वी तो स्वच्छ पुसा, आणि हातावेगळा करण्यापूर्वी तो स्वच्छ धुवा. मधले कसब सरावाने येतेच.